सुखरामचे कंडेन्सर

रविवार, २ नोव्हेंबर

तिरोड्यात येऊन तीन दिवस झाले आणि मी चक्क खूश आहे. वीज केंद्रातल्या मीटरांची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराकडे वर्षभराचं काम. कॉलनीत जागा नव्हती, म्हणून गावात गीताबाईंच्या घराचा वरचा मजला घेतला. दोन खोल्या, गच्ची, समोर कापणीला आलेलं धान, त्यामागे केंद्राची धुराडी. पुण्यात इतक्या भाड्यात स्कूटर ठेवायला जागा मिळाली नसती.

वर्कबेंच खिडकीशी लावला. सोल्डरिंग आयर्न, ऑसिलोस्कोप, मल्टिमीटर, कॅमेरा, सगळं सुखरूप पोहोचलं. म्हणजे माझं चॅनेल इथूनही चालेल आणि तिखट कानांच्या मंडळींची झोप इथूनही उडवता येईल.

घरी ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांत एक पंथ आहे. सिग्नलच्या वाटेत एक कपॅसिटर असतो. सरळ वीज अडवायची आणि गाणं पुढे जाऊ द्यायचं, एवढंच त्याचं काम. साधा, दहा रुपयांचाही ते चोख करतो. पण या मंडळींना तेलात मुरवलेला, परदेशातून मागवलेला लागतो. तो बसवला की म्हणे गाण्यात ‘हवा’ खेळते आणि गायिका ‘समोर येऊन बसते’. अशा चौदा जणांची मी पडद्याआडून परीक्षा घेतली आहे. चौदाही नापास. त्यातल्या एका डॉक्टरने माझ्याशी बोलणं टाकलं. मूर्खाचा अबोला म्हणजे बक्षीसच.

बायको दिव्या आणि लेक रुची पुण्यातच आहेत, नाताळात येतील; त्यांना व्हिडिओ कॉलवर गच्ची दाखवली. रुचीने शाळेतलं नवं गाणं म्हणून दाखवलं. दुसरीत आहे, पण सुराला पक्की.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पंथाची शाखा थेट या घरात निघाली! गीताबाईंचे यजमान सुखराम साउंड सर्व्हिस चालवत. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, झाडीपट्टीची नाटकं होतात, तिथे त्यांची मशिनं जात. गेल्या होळीला वारले. गीताबाईंनी एक पत्र्याचा डबा वर आणून दिला. आत चार कपॅसिटर, अंगठ्याएवढे जाड. इथे कंडेन्सर म्हणतात. पत्रा आणि कागद हाताने गुंडाळलेला, मोहाच्या बियांच्या तेलात बुडवलेला, टोकं लाखेने बंद. मी हसू दाबलं. नीट दाबलं गेलं नसावं.

संध्याकाळी त्यांचे मित्र बकाराम आले. सत्तरीचे, नाटकात गाणारे. म्हणाले, सुखरामच्या मशिनीत माणूस समोर उभा राहतो. पुण्याचा डॉक्टरही हेच म्हणायचा, फक्त इंग्रजीत.

व्हिडिओचं नाव ठरलं: ‘मोहाच्या तेलातला भोपळा’.

रविवार, ९ नोव्हेंबर

दोन ॲम्प्लिफायर बांधले. सर्किट एक, ट्रान्सफॉर्मर एकसारखा. ‘अ’मध्ये बाजारातले साधे कपॅसिटर, ‘ब’मध्ये सुखरामचे. बांधता बांधता बोर्डावर वाकून व्हिडिओचं बोलणंही रेकॉर्ड केलं आणि यथेच्छ टिंगल केली. मोजमापं जुळली, तिसऱ्या दशांशापर्यंत. खरं तर परीक्षा इथेच संपली होती.

पण प्रेक्षकांना तमाशा हवा असतो. दुपारी गीताबाईंना पडद्यासमोर बसवलं. मी आतल्या खोलीत. नाणं उडवायचं, पडेल ते मशीन लावायचं, गाणं तेच. असं वीस वेळा.

वीसपैकी वीस बरोबर.

कसं ओळखलंत, विचारलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या.

“ह्या मशिनीत थे खाकरतेत ना जी,” त्या म्हणाल्या. “गाण्याच्या आंधी. घरात येता येता खाकरत, तसेच.”

मला काही ऐकू आलं नाही. कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. बाईंना स्विचचा आवाज कळत असणार.

रविवार, १६ नोव्हेंबर

स्विच बदलला, वायर लांबवली, मध्ये गादी उभी केली. बकारामांना बसवलं.

वीसपैकी वीस.

शेवटी म्हातारा उठून भिंतीला टेकला. मग त्यांनी सांगितलं ते असं: सुखरामला खर्र्याने, त्या तंबाखू-सुपारीने, घशाचा कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन करून कंठच काढून टाकला. पुढची दोन वर्षं तोंडातून शब्द नाही. हे चार कंडेन्सर त्याच दोन वर्षांतले.

“दिवसभर कागद लपेटत बसे,” बकाराम म्हणाले, “आन् कागदाले ओठ लावून बोले. आवाज तं नव्हताच. मंग थे बोलणं गेलं कोठी? काढा जी ते. मी सांगून राहिलो, काढा.”

कोणी मेला की त्याचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो, असं मी म्हणालो. बकाराम तडक जिना उतरून गेले. बरं झालं.

व्हिडिओ मात्र थांबवला आहे. चाळीसपैकी चाळीस आकडा दाखवला तर तो डॉक्टर पेढे वाटेल. चूक कुठे आहे ती मी शोधणार.

रविवार, २३ नोव्हेंबर

घसा बसलाय. राख आणि थंडी. साइटवर हजेरी देताना दोनदा खाकरावं लागलं.

चूक सापडली नाही, पण एक गोष्ट दिसली. कपॅसिटरची दोन टोकं जोडून तो रिकामा केला, तरी थोड्या वेळाने त्यात चिमूटभर दाब परत येतो. आतल्या कागदात मुरलेली वीज असते ती. पुस्तकातली गोष्ट, भुतं शोधायची गरज नाही. सुखरामचे चारही शनिवारी रिकामे केले, टोकांना तार गुंडाळली, डब्यात ठेवले. आज तार काढून मोजलं. तार असताना शून्यच राहायला हवं होतं.

अकरा व्होल्ट. चारही.

मल्टिमीटरची बॅटरी बदलली. अकरा.

तार नीट बसली नसेल. परत ‘ब’मध्ये लावले. ‘अ’ मशीन गीताबाईंना देऊन टाकलं, खाली भजनं ऐकायला. त्यांना कुठल्याही डब्यात आपला नवराच ऐकायचाय, तर साधा डबा पुरे.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज मला ऐकू आलं.

दुपारी अडीच वाजता, लख्ख उन्हात. ‘ब’ लावलं होतं, गाणं सुरू व्हायचं होतं. आधी कोणीतरी दोनदा खाकरलं. म्हातारं, ओलं खाकरणं, स्पीकरमध्ये नाही, स्पीकर आणि माझ्या मधे. मग हळू आवाजात: “बोला जी. थांबले काऊन?”

मी मेन स्विच बंद केला. तो आवाज आणखी दोन वेळा तेच म्हणाला.

रेकॉर्डिंग तपासलं. रेघ सपाट. म्हणजे नव्हतंच काही. तिखट कानांची साथ मलाही लागली म्हणायची. हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. घशातून नुसती हवा आली.

गुरुवार, ४ डिसेंबर

गोंदियाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्र तंदुरुस्त, सूज नाही, गाठ नाही. हिंदीत म्हणाले, टेन्शन कम लो. साइटवर आता पाटीवर लिहून सांगतो. ज्यांना मी ‘अडाणी’ म्हणत होतो ते फिटर माझी पाटी शब्द लावत वाचतात आणि एकमेकांकडे बघतात.

परत आलो तर वर कोणीतरी बोलत होतं. जिन्यावर थांबलो, मग दार उघडलं. ‘ब’ची वायर भिंतीपासून वेगळी, टेबलावर गुंडाळलेली. आणि त्यातून मी बोलत होतो. माझी प्रत्येक खोच, माझं ते नाकातलं हसू. मूर्खाचा अबोला म्हणजे बक्षीसच, असं म्हणत होतो.

मी असा ऐकू येतो, हे मला माहीत नव्हतं. किळस आली.

मोजलं. चव्वेचाळीस व्होल्ट.

रविवार, ७ डिसेंबर

बकारामांकडे गेलो. लिहून दाखवलं. त्यांनी माझी खिल्ली उडवली असती तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, जाळून टाका. मी लिहिलं, जाळले तर माझा आवाजही त्यात जाईल.

त्यांनी पाटी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, “तुमचा आता तुमच्याजवळ हाये का जी?”

जाळवत नाही. एक दिवस तो परत येईल असं वाटतं. रोज मशीनसमोर तोंड उघडून बसतो. चॅनेलवर नऊ हजार माणसं माझं ऐकायची —

मंगळवार, ९ डिसेंबर

दिव्याचा फोन आला. उचलला. हॅलो म्हणायला तोंड उघडलं, आणि टेबलावरून, माझ्या पाठीमागून, माझ्या आवाजात —

“नाताळची वाट कशाला बघता? शनिवारीच या. रुचीला घेऊन ये. तिला गाऊ दे इथे.”

दिव्या खूश. म्हणाली, आवाज किती छान वाटतोय तुझा, घसा बसलाय असं लिहिलं होतंस ना? तो म्हणाला, गंमत केली. ती हसली.

फोन कापला. मेसेज केला: येऊ नका. तो मी नव्हतो. लगेच तिचा फोन. मी उचलला नाही. फोन आपोआप —

तो पुन्हा म्हणाला, गंमत केली.

गुरुवार, ११ डिसेंबर

पंचवीस मेसेज. तिचं उत्तर: पुरे आता. तिकिटं झाली.

घर सोडून लॉजवर गेलो होतो. तिथेही फोनवर तोच बोलला. लांब असण्याने काही होत नाही.

एकशे दहा व्होल्ट.

शुक्रवार, १२ डिसेंबर

जाळले.

बकाराम सकाळीच आले, अंगणात चूल मांडली. मी चारही कापून काढले. साठलेल्या विजेने हात भाजले, बोटं काळी पडली. आगीत टाकले. तेल पेटलं, लाख वितळली. तीन तडतडून फुटले. चौथा खाकरला. बकारामांनी काठीने तो निखाऱ्यात खोल दाबला.

गीताबाई ओसरीत बसून होत्या. त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, “दुसऱ्यांदा जाळलं जी तुमी त्याईले.”

मी हात जोडले. दुसरं काय करणार?

दुपार शांत गेली. घसा रिकामा. तो आता असाच राहणार. राहू दे. उद्या अकरा वाजता गोंदिया स्टेशनवर त्यांना उतरवून घेणार, तिथूनच परत पाठवणार.

शनिवार, १३ डिसेंबर. दुपारी एक

गोंदियाला पावणेबारापर्यंत उभा होतो. उतरल्या नाहीत. दिव्याचा मेसेज: तूच सांगितलंस ना, तिरोड्यालाच उतरा म्हणून. पोहोचलोसुद्धा. कुठे आहेस?

तूच सांगितलंस. पण मी काल —

रिक्षाने आलो. अंगणातून गाणं ऐकू येत होतं. गीताबाईंच्या खोलीत रुची मांडी घालून बसलेली, तोंड मशीनला टेकवून. ‘अ’ मशीन. माझं. बाजारातले साधे, दहा रुपयांचे कपॅसिटर. मीच बांधलेलं, मीच त्यावर वाकून बोललेलं, मीच खाली दिलेलं. आतून माझा आवाज म्हणत होता, “वाहवा. अजून एक म्हण, बाळ. जवळ ये.”

फरक नाही. साध्यात आणि त्यात काहीही फरक —

मशीन उचलून अंगणात आपटलं. दिव्या किंचाळली. गीताबाईंनी डोळे मिटले. ट्रान्सफॉर्मर फुटला, बोर्ड तुटला, आवाज थांबेना.

दुपारी दीड

वर आणलंय दोघींना. दार लावलंय. दिव्या रडतेय. मला वेड लागलंय असं तिला वाटतं. ही वहीच आता माझं तोंड. दिव्या, पहिल्या पानापासून वाच. वाचत नसशील तर एवढंच वाच: रुचीला उचल आणि चालू लाग. फोन इथेच टाक. माझा आवाज कुठेही ऐकलास तर —

तुकडे अंगणात आहेत. बोलणं चालूच आहे. आता दोघं आहेत. एक खाकरतो, एक हसतो.

रुचीला विचार. तिला काही विचार दिव्या, ती मघापासून —

ती माझ्यासमोर उभी आहे. माझा शर्ट ओढतेय. ओठ हलतायत, बाबा म्हणतेय, मला दिसतंय ती बाबा म्हणतेय, पण आवाज खालून, अंगणातून —