भाऊच्या डोळ्यातले थेंब

सिंदेवाही, ८ जानेवारी १९५७

ऑपरेशन करनारे मोठे डॉक्टर आजही नाई आले! डोळ्याच्या शिबिराले आलेले मोतीबिंदूचे पेशंट शाळेत चटया टाकून वाट पाहून राह्यले. त्यात माहा मुखरूभाऊही. एक डोळा लहानपनी देवीनं गेला, आता दुसऱ्यावर मोतीबिंदू. रेशमाच्या कोशाचा धागा हातानं चाचपते बिचारा. हा डोळा गेला तर मागावर बसनं संपलं.

पेनिसिलिनचे थेंब सगळ्याइच्या डोळ्यात टाकाचं काम नर्स म्हनून माह्याकडं. हुकूम होता, ऑपरेशनच्या आधी दोन दिवस. डॉक्टरच नाई आले, तर मी थांबवले नाई. औषध जास्त, गुन जास्त. बाटल्या गार ठेवा म्हनलं होतं – माठाखालच्या ओल्या वाळूत खुपसून ठेवल्या.

११ जानेवारी

नागपूरचे नूरुद्दीन डॉक्टर डोळा कापसानं टिपतात, अन् काचेच्या बशीत जंतू वाढवून पाहतात. थेंबाच्या आधी भाऊच्या बशीत पांढरे ठिपके होते. आता साफ! भाऊले पेढा चारला.

१६ जानेवारी

भाऊची आजची बशी हिरवी. मोहफुलासारखा गोडसर वास. आशाबाईचीही तशीच.

नूरुद्दीन डॉक्टर म्हनाले, "साधे जंतू डोळ्यावर राहतातच, काही करत नाईत. ते मेले. ज्याइले पेनिसिलिन लागत नाई, ते वाढले. गावचे कुत्रे मारले सिस्टर, आता लांडग्याले कोन अडवन?"

मी विचारलं, चिरलेल्या डोळ्यात हे शिरले तर?

"डोळा सडते. थेंब बंद करा. महिनाभर कोनालेच चिरू नका."

१७ जानेवारी

मोठे डॉक्टर आले एकदाचे. नूरुद्दीन डॉक्टरनं बशा पुढं केल्या. "मी बशीचं ऑपरेशन करत नाही," म्हनून मोठ्या डॉक्टरनं हात झटकले. उद्या नंबर लागलेल्या सगळ्याइचं होनार. मी तिथंच उभी. नोकरीच्या भेवानं पट्ट्या गुंडाळत राह्यली.

भाऊचं नाव मात्र यादीतून कापलं. ताप हाय म्हनून खोटं सांगतलं.

भाऊले कळलं. "तू बहीन नाई, वैरीन होय माही! पुढचं शिबिर वर्षानं. तवरिक काय भिंती चाचपू?"

बाजूच्या चटईवरून आशाबाई म्हने, "त्याचा नंबर मले दे वो सिस्टर, माहा नाई लागला. सुनेले पोरगा झाला. तोंड पाहाचं हाय त्याचं."

नाई म्हनाचं तर कारन सांगा लागलं असतं. देल्ला.

१९ जानेवारी

भाऊ जेवला नाई. माह्या हातचं ताट सरकवून देल्लं.

२० जानेवारी

सकाळी पट्ट्या सोडल्या. आशाबाईचा कापूस हिरवा. तिच्या बाजूच्याचाही. पुढच्या पट्टीले हात लावाची हिंमत होईना.

दारातून भाऊनं मले विचारलं, "दिसते ना वो बाई, लोकाइले?"