इंदापूर कोर्टातला मागचा बाक

प्रिय अंजली,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. वकिली सोडून एक तारखेपासून बँकेत लागणार, असं तू बुद्धघोषला सांगितलंस. माझ्या भावाच्या पोटात काही राहत नाही, हे त्याच्याच मुलीला मी काय सांगू? आपण नुसत्या सीनियरसाठी तारखा घेतो, कोर्टात आपलं कुणी ऐकत नाही, असंही म्हणालीस म्हणे. खरंखोटं पाहायला मी इंदापूरला येऊन गेले.

तू घरच्यांना कोर्टात यायची बंदी केली आहेस, पण ती तुझी बंदी, कोर्टाची नव्हे. खुल्या न्यायालयात कुणीही जाऊन बसावं. कोर्टाच्या वेबसाइटवर वकिलाच्या नावाने शोधता येतं. तुझं नाव घातलं, तर तुझे दावे आणि पुढच्या तारखा सगळं समोर आलं. निमगाव केतकीच्या रंगुबाईंचा, शेताची वाट अडवल्याचा अर्ज बुधवारी होता. सकाळच्या एसटीने बारामतीहून निघाले, दाराबाहेरच्या बोर्डावर तुमचा नंबर पाहिला आणि मागच्या बाकावर बसले. पट्टेवाल्याने विचारलं, तुमची तारीख आहे का? नाही, नुसती बघायला आले, म्हटलं. इथं हौसेने कुणी येत नाही, म्हणाला. मी चष्म्यावरून पाहिलं, तसा दाराकडे वळला. मास्तरीण निवृत्त झाली तरी नजर होत नाही.

तुमचा पुकारा व्हायला दुपार झाली. तोवर हजर, गैरहजर, पुढची तारीख, एवढंच. वाटणीसाठी भांडणारे दोन सख्खे भाऊ एकाच मोटारसायकलवर आले आणि तारीख पडल्यावर एकाच मोटारसायकलवर परत गेले.

मग तू उभी राहिलीस. आधी दोष सांगते. गळ्यातला पांढरा बँड तिरका होता आणि पहिली दोन वाक्यं तू टेबलाला ऐकवलीस. पण समोरचे वकील म्हणाले, बाईंना शेतात जायला दुसरी वाट आहे, तशी तू मान वर केलीस. ती वाट ओढ्यातून जाते, पावसाळ्यात तिथून म्हैस कशी न्यायची, हे त्यांनी जाऊन पाहिलं आहे का, असं विचारलंस. त्यांनी पाहिलं नव्हतं. तू चिखल तुडवत पाहून आली होतीस.

बाहेर टपरीवर रंगुबाई शेजारी येऊन बसल्या. मी कोण, त्यांना ठाऊक नव्हतं. आपणहून म्हणाल्या, "आमची वकील पोरगीच हाय, पर ती बोलाय लागली अन् सायबांनी पेन खाली ठिवलं." चहा भलताच गोड होता. एरवी मी टपरीवाल्याला सुनावलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने प्यायले.

पुढच्या आठवड्यात हुकूम झाला, दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाट अडवायची नाही. तो साइटवर वाचला, पण मला सहीशिक्क्याची नक्कल हवी होती, म्हणून पुन्हा इंदापूर गाठलं. दाव्यात आपलं नाव नसलं तरी हुकमाची नक्कल मागता येते. अर्जाला कोर्ट फीचा स्टॅम्प लावायचा आणि ती कशासाठी हवी, ते लिहायचं. नक्कल विभागातल्या कुंडलिकरावांनी विचारलं, तुम्ही रंगुबाईंच्या कोण? कुणी नाही. मग समोरच्यांच्या? त्यांचीही नाही. बाई, मग कारण तरी नीट लिहा, म्हणाले. लिहिलं. वाचून हसले आणि अर्ज घेतला.

कारण हे होतं: 'वकील निवडण्यासाठी.' सुप्याच्या माझ्या जागेत शेजाऱ्याने पत्र्याचं शेड घुसवलंय, ते तुला माहीत आहे. बारामतीच्या कोर्टात दावा लावायला मी वर्षभर वकील शोधत होते. नक्कल हातात आली, पुन्हा पुन्हा वाचली, शोध संपला. सोबत वकीलपत्र जोडलं आहे. माझी सही केली आहे, तुझी जागा मोकळी आहे. बँकेतच जायचं असेल, तर ते सही न करताच परत पाठव, मी रागावणार नाही. थोडी रागावेन. राहायचं असेल, तर फी पूर्ण घे आणि पहिल्या तारखेला बँड सरळ बांध. या वेळी मी पुढच्या बाकावर बसणार आहे, आणि मला कुणी तारीख विचारली, तर सांगायला असेल.

तुझीच आत्या,
आणि सही केलीस तर तुझीच पक्षकार