रखमाजी मामांच्या चौकोनातली खूण

भिंगार, मंगळवार, १४ सप्टेंबर १९९९

आदरणीय रखमाजी मामांस,
पंकजचा सविनय जयभीम. विमल मामींनाही सांगावा. तुमची प्रकृती कशी आहे? (हा प्रश्न रीतीपुरता नाही. उत्तर स्वतःच्या हाताने लिहून, सहीनिशी पाठवावे.)

निवृत्त शिक्षक संघाच्या वेबसाइटचे काम मला तुमच्याच शिफारशीने मिळाले, त्यामुळे पुढच्या प्रकारात थोडा वाटा तुमचाही आहे. यात प्रत्येक सभासदाची माहिती एका जागी ठेवलेली असते आणि पडद्यावरचा प्रत्येक चौकोन तिला बांधलेला असतो (आमच्या धंद्यात याला बाइंडिंग म्हणतात). चौकोनात बदल केला की आतली माहिती बदलते, आणि ती जिथे जिथे दिसते तिथेही आपोआप बदलते. शनिवारी हे अध्यक्षांना दाखवायचे होते. परक्याचे नाव घेणे बरे दिसले नसते, म्हणून तुमचे घेतले आणि ‘दिवंगत’ या चौकोनात खूण केली. मामा, बांधणी उत्तम झाली आहे. त्याच क्षणी तुमचे नाव श्रद्धांजलीच्या पानावर गेले आणि फोटोला हार चढला. अध्यक्षांना कमी ऐकू येते. माझा खुलासा पोचला नाही, हार मात्र दिसला. ते उठून उभे राहिले. मग जमलेले सगळेच सभासद उभे राहिले. दोन मिनिटे शांतता पाळली (मध्येच बोलणे मलाही प्रशस्त वाटेना).

डोळे उघडले तर दारात फक्रुद्दीन गुरुजी. काष्टीच्या शाळेत तुमच्याबरोबर एका डब्यात जेवणारे, आणि व्हॉलीबॉलच्या त्या एका पॉइंटावरून इतकी वर्षे तुमच्याशी न बोलणारे. ते मटकन खाली बसले. “बॉल आतच पडला हुता रे,” मला म्हणाले, “मी पंच, मला दिसला न्हाई व्हय? पन रखमाजी सगळ्यांदेखत तोडून बोलला, मग मीबी ‘आउट’वरनं हटलो न्हाई. आता कुनाला सांगू?” मामा, त्यांचे रडणे बघवत नव्हते. नेवाशाला तुमच्या घरी जा म्हटले, तर विमलबाईंना कोणत्या तोंडाने भेटू म्हणतात. येत्या रविवारी सकाळी संघात तुमची शोकसभा आहे. तिथे ते बोलणार आहेत.

तुमचा भाचा,
पंकज

ता. क. रविवारी अवश्य यावे, पण एकदम आत शिरू नये. समोर बन्सीच्या टपरीवर चहा घेत बसावे. बॉल आत होता असे गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितले की मी खिडकीतून हात करीन. मग हळूच यावे. त्यांना ब्लडप्रेशर आहे.

आणखी एक. ती खूण एका क्लिकने निघते. शनिवारीच काढणार होतो, पण गुरुजींकडे पाहिले आणि माउसवरचा हात मागे घेतला. तुम्ही आत आलात की माउस त्यांच्याच हातात देतो.