एक ते चार बंद

३ मार्च २०१४, सोमवार

सगळं बदललं ते आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, आप्पासाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातावर टाकला तेव्हा. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे श्यामलाला दाखवीन. कॉलेज सोडलेल्याला कोण विचारतं म्हणायची ना? हे बघ, विचारलं.

आप्पासाहेबांचं विवाह मंडळ बुधवार पेठेत आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. काचेच्या दारावर बाहेरून पाटी: ‘दुपारी एक ते चार बंद. बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडणार नाही. पुन्हा वाजवल्यास नोंदणी रद्द.’ मी मोठ्यांदा हसलो, तर आतून बाईंचा आवाज आला की हसून झालं असेल तर चपला बाहेरच राहू द्या. या हेमाताई. वीस वर्षं याच टेबलावर. वाघोलीचं कॉलेज तिसऱ्या वर्षी कसं सुटलं, तेही त्यांनी पाच मिनिटांत काढून घेतलं. लॅबच्या सरांसमोर कीबोर्ड आपटला, बाकी काही नाही. त्यावर म्हणाल्या, आमच्याकडे दोनच आहेत हो, जपून आपटा.

काम सोपं वाटतंय. हेमाताई स्थळांचे फोटो स्कॅन करून सर्व्हरवर टाकतात, ते मध्येच अडकतात. ते नीट केलं की एक तारखेपासून मी कायम. कायम नोकरी म्हणजे श्यामलाच्या बाबांसमोर मान वर करून बसता येईल. शेवटची भेटली तेव्हा म्हणाली होती, राग गेला की फोन कर. सात महिने झाले. राग कुठे जातो?

सर्व्हर मागच्या खोलीत आहे. पूर्वी तिथे चहा व्हायचा. मोरी अजून आहे, ओली.

४ मार्च, मंगळवार

सर्व्हरची पेटी उघडली. पंख्यावर धुळीची गादी, करड्या घोंगडीसारखी, आणि तिच्यात केस. लांब लांब केस, काही मेंदी लावलेले. बोर्डाला एक पाल चिकटून वाळली होती. चिमट्याने ओढली तर पाल आली, कातडं बोर्डावरच राहिलं. आणि वास! सकाळी दात न घासता कुणी तोंडाजवळ तोंड आणून बोलावं तसा.

तरी मजा आली. एखादा फोटो सर्व्हरवर येतो तो अखंड येत नाही, त्याचे तुकडे येतात. एक तुकडा म्हणजे एक पॅकेट. प्रत्येक पॅकेटच्या शेपटाला एक बेरीज जोडलेली असते. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड ती बेरीज स्वतः पुन्हा करून बघतं. जुळली नाही तर तुकडा फेकून देतं आणि चुकांचा आकडा एकाने वाढवतं. फेकलेला तुकडा पुन्हा मागवावा लागतो, म्हणून फोटो अडकतो. इथला आकडा एक्केचाळीस हजार. म्हणजे कार्डाने एक्केचाळीस हजार घास तोंडात घेऊन थुंकलेत.

पाच वाजता नवी केबल टाकली, आकडा शून्य केला. बंद होईपर्यंत शून्यच. हेमाताई म्हणाल्या, बरं आहे. इथे ‘बरं आहे’ म्हणजे पदक.

५ मार्च, बुधवार

सकाळभर शून्य. एकला सगळं बंद करून आम्ही जेवायला गेलो. चारला येऊन बघतो तर दोन हजार तीनशे सोळा.

हेमाताईंनी विचारलं, कालची दुरुस्ती कालच्यापुरतीच होती का? डोकं असं सणकलं! पण कीबोर्डला हात लावला नाही. उद्या एक ते चार मी आतच बसणार.

६ मार्च, गुरुवार

बसलो. हेमाताईंचा कॉम्प्युटर बंद केला, प्लगही काढला. पाठवणारं कुणीच नाही. एक वाजून दोन मिनिटांनी आकडा हलला. एक. सात. तीस. तार हललेली असेल म्हणून सर्व्हरच्या पाठीमागची केबल उपसून काढली.

आकडा चढतच राहिला. केबल माझ्या हातात, आणि आकडा चढतोय.

कार्डाच्या भोकात बोट घालून बघितलं. मूर्खपणा. आत गरम आणि बुळबुळीत होतं. बोटाला पांढरट तार लागून आली, लाळेसारखी. मोरीवर तीनदा साबण लावला. जेवलो नाही.

७ मार्च, शुक्रवार

खालच्या गल्लीत रहीमचाचांचं सुट्या भागांचं दुकान आहे. जुनं कार्ड त्यांना दाखवलं, बदल्यात नवं घेणार होतो. त्यांनी ते उलटं करून नाकाशी नेलं, काउंटरवर ठेवलं, हात रॉकेलने पुसले. म्हणाले, नवं घेऊन जा, पण हे माझ्या दुकानात नको, तुझ्या आधीच्या पोराचीही तिन्ही कार्डं मी परत पाठवली होती. मी सांगितलं की आता एक सेटिंग आहे ते चालू करणार, म्हणजे कार्ड चुकीची पॅकेट फेकणार नाही, साठवून ठेवेल, मग बघतोच आत काय आहे. त्यावर ते म्हणाले की बेटा, थुंकलेलं तपासायची लॅब वेगळी असते, आपल्या ताटात घेऊन बघत नाहीत.

सल्ला ऐकायची मला सवय नाही. नवं कार्ड बसवलं, सेटिंग चालू केलं. एकला सुरू झालं. चारला तुकडे जोडले.

फोटो निघाला. साडीतली मुलगी, मागे स्टुडिओचा निळा पडदा. चेहरा चघळलेला. भाताचा घास चावून बाहेर काढल्यावर दिसतो तसा. एका डोळ्याच्या जागी ओळीने दात, आणि तिथूनही ती हसत होती.

मोरीत ओकलो.

८ मार्च, शनिवार

श्यामलाचे बाबा आले होते. मी मागच्या खोलीत, दार अर्धं उघडं. पत्रिका दिली, फोटो दिला. हेमाताईंनी मोठ्याने नोंद वाचली: श्यामला, क्रमांक ४४१२. खडकीचं स्थळ आधीच नजरेत आहे, मुलगा तिथल्या क्वार्टर्समधला, सोमवारी फोटो पाठवायचा, पसंत पडला की बैठक. हेमाताई म्हणाल्या, जोडा शोभेल.

शोभेल!

एक ते चार तिथेच बसून होतो. आलेल्या ढिगात तीही होती. ४४१२. बाबांनी दिलेल्या फोटोतलाच पिवळा ड्रेस. उजवा गाल ओघळून हनुवटीखाली लोंबणारा, त्यात छिद्रं, छिद्रांत ओलं काहीतरी.

किळस आली. आणि मग, खोटं लिहीत नाही, आनंद झाला.

तिचा चांगला फोटो काढून टाकला. त्या क्रमांकावर हा चघळलेला ठेवला.

१० मार्च, सोमवार

खडकीकरांचा फोन साडेअकराला. हेमाताईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. नंतर म्हणाल्या, असा फोटो पाठवतात का, माणसं जेवत होती. स्कॅनरला दोष दिला. मी मान डोलावली.

स्थळ मोडलं. दिवसभर शीळ घालत होतो.

११ मार्च, मंगळवार

श्यामला आली. बाबांबरोबर, नवा फोटो घेऊन. ओढणी तोंडावर, पुण्यात सगळ्याच मुली गाडीवर बांधतात तशी. पण आत आल्यावरही सोडली नाही. हेमाताईंनी पाणी दिलं तेव्हा ओढणीची कड वर केली.

उजवा गाल. अजून लोंबत नव्हता. पण सैल झाला होता, भिजलेल्या पावासारखा. बाबा म्हणाले, शनिवारपासून झालंय, ऍलर्जी आहे, डॉक्टरांनी मलम दिलंय. तिने मला बघितलं. ओळखलं. ती गेल्यावर खोलीत तो वास होता. दात न घासलेला.

मी केलं हे.

१२ मार्च, बुधवार

४४१२ वर तिचा नवा, चांगला फोटो टाकला. एक वाजता डोळ्यांसमोर चघळला गेला. पुसून टाकला, तर त्या जागी आपोआप परत आला, जास्त ओघळलेला. फेकायचं सेटिंग पूर्ववत केलं. काही उपयोग नाही.

आणि सगळ्यात घाण गोष्ट. चुकांचा आकडा. शून्य. एक ते चार, पूर्ण वेळ शून्य. म्हणजे आता बेरीज जुळते. कार्डाला आता थुंकी आणि अन्न सारखंच.

आप्पासाहेब खूश. फोटो सटासट जातात म्हणाले. एक तारखेपासून कायम, पेढे आण. मी हसलो.

१३ मार्च, गुरुवार

एवढं कळलंय. ४४१२ हा क्रमांक पेटीत जे काही आहे त्याने धरलाय. रिकामा राहू देत नाही. तिथे जे ठेवू ते चावतो. तिथे ती नसली पाहिजे. दुसरं कुणीतरी हवं.

खडकीच्या मुलाचा फोटो मंडळाकडे आहे. चष्मा, बारीक मिशी. अर्धा तास माउसचा बाण त्याच्या फोटोवर ठेवून बसलो. एकदा दाबलं की झालं. तिचा गाल बरा, आणि तो—

नाही. एकदा रागात केलं ते पुरे.

पाकिटात माझं कॉलेजचं ओळखपत्र होतं. तिसरं वर्ष. स्कॅन केलं. पावणेएकला ४४१२ वर ठेवलं.

एक. सुरू झालं. चुकांचा आकडा शून्य. बेरीज जुळते.

१४ मार्च, शुक्रवार

श्यामलाच्या बाबांचा फोन. मलम लागू पडलं. गाल एका रात्रीत उतरला. फोटो त्यांनी स्वतः हाताने खडकीला नेऊन दिला, आता होकार आहे. हेमाताई मला म्हणाल्या, ऐकलंत का, जमलं बरं का. आणि मग, तुम्हाला दाढदुखी आहे का हो, गाल केवढा—

रुमाल बांधला.

जिभेने आतून दाबलं तर जीभ आत जाते. ज्या भागात जायला नको तिथे—

भात गिळता येत नाही. भातासारखंच लागतं आतून. सगळंच.

१५ मार्च, शनिवार

बारा पन्नास. बाकीचे जेवायला गेलेत.

खडकीच्या मुलाचा फोटो अजून तिथेच आहे. सारखा हात जातो. ४४१२ वर माझ्या जागी तो ठेवला की मी बरा. काल रात्रीपासून एवढंच डोक्यात. फक्त एकदा दाबायचं. ओला आवाज येतोय पेटीतून, मिटक्या मारल्यासारखा. मला कळतंय, मी इथे बसलो तर दाबीन. स्वतःला मी ओळखतो. मला राग आला की—

डावा डोळा आता वाचत नाही. हे उजव्याने.

उठतो.

जिन्यात बसून लिहितोय. दार ओढून घेतलं. कुलूप लावलं. जुडगा दाराखालच्या फटीतून आत सरकवला, हात पोचणार नाही इतका आत. दुसऱ्या किल्ल्या आप्पासाहेबांकडे, ते चारला येतील. तोवर बदलता येणार नाही. नंतर बदलण्यासारखं काही उरणार नाही. श्यामला, राग गेला बघ. फोन मात्र

बोलता येत नाही.

एक वाजला. खाली दुकानांची शटरं पडतायत. पाटी सरळ दिसतेय, म्हणजे मी बाहेरच आहे. काचेत पाटीशेजारी माझा चेहरा दिसायला हवा. तिथे दात आहेत, ओळीने, आणि ते हस—