शांतीचा हात

नागपूर, १९७१

याकोबदादा,

'प्रिय' लिहवत नाही.

आपल्या अन् दुसऱ्या मिशनच्या चर्चनं एक व्हावं, एवढंच माहा नवरा सभेत बोलला. तू खुर्ची हाणून त्याचा जबडा मोडला. मी तुह्या हाताले मांस निघेस्तोवर चावली. तो धंतोलीच्या दवाखान्यात नळीनं दूध पिऊन राहिला.

काल उपासनेत प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या आधी पाळक म्हणाले, एकमेकांच्या हातात हात देऊन शांती द्या. तू रांग सोडून आला अन् पट्टी बांधलेला तोच हात पुढं केला. मी धरला, अन् अंगठ्यानं जखम दाबली. पट्टी लाल झाली तरी दाबत राहिली. तू रडत रडत "शांती, सालोमी" म्हणत होता.

हे पत्र मी टाकणार नाही. पण सांग, हात काहून नाही काढला गा?

तुही बहीणच,
सालोमी