दुकानातला म्हातारा कुत्रा

प्रिय दादा,

नगरपालिकेने प्राणी विकायला बंदी घातली आणि बाबांचं दुकान बंद झालं. पथक आलं तेव्हा ससे, पोपट बाबांनी स्वतःच त्यांच्या हाती दिले. फक्त म्हाताऱ्या कुत्र्याला कवटाळून म्हणाले, "साहेब, हा विकायचा नाही, घरचा आहे."

"दुकानात सापडला ना, काका? न्यावाच लागेल."

खेटे घालून घालून बाबांनी त्याचा नवा पत्ता मिळवला. आम्ही गेलो, तर तो अंगणात एका आजींच्या पायाशी निवांत झोपला होता. बाबांनी फाटकावरचा हात काढून घेतला. "चल," म्हणाले, "हाक मारली तर उठेल बिचारा."

घरी येऊन मात्र रिकाम्या दुकानात ढसाढसा रडले. तुला सांगू नको म्हणालेत, म्हणून हे पत्र माझ्याजवळच ठेवते.

तुझी धाकटी