न विचारण्याची शिस्त

बाबूजी,

तुम्ही गेलात तेव्हा गोंदिया अजून आपल्याच जिल्ह्यात होता आणि माझी मुलगी दीड वर्षाची होती. आज ती अभियंता आहे, जिल्हा अर्धा उरला आहे, आणि तुमची सून मागच्या वर्षी, धान पोटरीला येत असताना, वारली. हे सारे एका वाक्यात कळवताना संकोच वाटतो. परंतु मला जे बोलायचे आहे ते वेगळे आहे, आणि जिवंत माणसांपैकी कोणाशी ते बोलावे हे मला समजत नाही.

जवाहरनगरच्या क्वार्टरमधले स्वयंपाकघर मला अजून स्पष्ट दिसते. तुम्ही पहिल्या पाळीहून परतला आहात, साबणाने दोनदा धुऊनही हातांना तो कडवट वास आहे, आणि आई पाटावरच्या ताटात भात वाढते आहे. मी चौथीत आहे. गुरुजींनी वडिलांवर निबंध लिहायला सांगितला आहे, म्हणून मी विचारतो, "बाबूजी, तुम्ही कारखान्यात काय बनवता?" तुमचा घास हातातच थांबतो. "तुले काय करायचं आहे?" मी निबंधाचे सांगतो. "मंग लिही, भाजी बनवतो." आई तोंडाला पदर लावून हसली; तुम्ही हसला नाहीत, आणि उरलेला भात तसाच ठेवून उठलात. मी लिहिले, 'माझे वडील कारखान्यात भाजी बनवतात. ती देशाच्या फार उपयोगी पडते.' गुरुजी त्याच वसाहतीत राहणारे. त्यांनी दहापैकी आठ गुण दिले आणि अक्षर सुधारावे एवढाच शेरा लिहिला. शेजारच्या मुलाचे वडील कारखान्यात खुर्च्या पुसत होते, त्याच्या पलीकडच्याचे झाडांना पाणी घालत होते. कारखाना बारूदचा, पण निबंधांत बारूद बनवणारा बाप आमच्या वर्गात एकाचाही नव्हता.

ही शिस्त मी पुढे आयुष्यभर पाळली. कारखान्याच्या फाटकावर काडीपेटी काढून ठेवावी, झडती द्यावी, आत जे पाहिले ते आतच ठेवावे, आणि बाहेरच्याने विचारू नये. हे मला शिष्टाचाराइतके स्वाभाविक वाटे. साकोलीच्या महाविद्यालयात मी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आणि विद्यार्थ्यांना सतत सांगत राहिलो की प्रश्न विचारा. घरी मात्र ज्याचे काम त्याच्यापाशी. मुलीला ड्रोन तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी तिचे अभिनंदन केले, राहण्याची सोय विचारली, आणि तिथेच थांबलो. शेतावर औषध फवारणारी यंत्रे असावीत, असे मी मनाशी ठरवून टाकले. तुमची सून एकदा म्हणाली होती, "काहून जी, पोरीले तिच्या कामाचं काही विचारत नाही तुम्ही?" ती शेतकऱ्याच्या घरातून आलेली, तिच्या माहेरी कोणी काय पेरले हे सारा गाव विचारतो. मी तिला म्हणालो की प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नये.

वर्षश्राद्धासाठी मुलगी आली होती. विधी आटोपल्यावर आम्ही दोघे तिच्या मामाकडे, साकोलीजवळच्या गावी गेलो. शेताच्या बांधीत धान पोटरीला आले होते, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या, आणि त्यावरून एक ड्रोन फवारणी करत फिरत होता. माझा मेहुणा हरखून गेला होता. "पाहा भाऊजी, सकाळपासून चार जणांचं काम एकटाच करून राहिला. ना चहा मागत, ना बिडी! आपली पोरगी हेच बनवते ना जी?" मी होकार दिला, काहीसा अभिमानानेच. मुलगी गाडीकडे निघून गेली. परतताना तिने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि समोर पाहत म्हणाली, "बाबा, तीन वर्षं झाली. तुम्ही एकदाही नाही विचारलं."

मग तिने सांगितले. ती फौजेसाठीचे ड्रोन करते. ते आकाशात घिरट्या घालत लक्ष्याची वाट पाहतात आणि सापडले की स्वतःसकट त्यावर कोसळतात. शत्रू हल्ली रेडिओचे संदेश अडवतो, त्यामुळे शेवटच्या काही क्षणांत चालवणाऱ्याचा संपर्क तुटतो. तेवढ्या क्षणांत यंत्राने लक्ष्य विसरू नये, ही माझ्या मुलीची जबाबदारी आहे.

मी विचारले, "आणि तेवढ्यात कोणी मध्ये आले तर?"

"त्याच्यासाठीच तर मी आहे तिथं. यंत्राला थांबायचं कधी, तेही मीच शिकवते."

"ते शिकले आहे, हे तुला कोण सांगते?"

"आबाजीनं भरलेला गोळा तोफेतून सुटल्यावर कोणाचं ऐकत होता, बाबा? त्याच पगारावर तुम्ही बीएस्सी झाले ना?"

आबाजी म्हणजे तुम्ही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आईले माहीत होतं. तिनं पहिल्याच महिन्यात विचारलं. म्हणाली, बाबाले आपणहून सांगू नको. ते विचारतील त्या दिवशी सांग." म्हणजे तुमची सून दोन वर्षे माझ्या एका प्रश्नाची वाट पाहत त्याच घरात वावरत होती. आता मला तिच्या प्रत्येक संध्याकाळच्या शांततेचा संशय येतो. ती थकून गप्प बसे की माझ्यासाठी थांबलेली असे, हे मला यापुढे कळणार नाही.

गाडी सुरू करण्यापूर्वी मुलगी म्हणाली, "तुम्ही सोड म्हणाल तर सोडते. पण सगळं विचारून मग म्हणा. येत्या रविवारी फोन करते."

मी त्या आठवड्यात या विषयावर मिळेल ते वाचले, आणि जितके वाचले तितका माझा अविश्वास वाढला. मोटारसायकलच्या किमतीचे यंत्र कोट्यवधींचा रणगाडा निकामी करते, म्हणून लढाई स्वस्त झाली असे तज्ज्ञ लिहितात. जे स्वस्त होते ते माणसे अधिक वापरतात, एवढे अर्थशास्त्र मलाही कळते. खंदकातला शिपाई आता समोर न पाहता वर पाहतो. हात वर करून शरण जायचे तर कोणापुढे, हे त्याला ठाऊक नसते. चालवणारा दूर बसून पडद्यावर त्याचा चेहराही पाहू शकतो, आणि त्याच्या स्वतःच्या केसालाही धक्का लागत नाही. लढाईच्या दिवसांत तुम्हाला दुहेरी पाळी असे. एकदा तुम्ही ताटावर बसून आपले हात पाहत आईला म्हणाला होतात, "चूक झाली तर पहिले आपणच जातो. म्हणून हात सांभाळून चालते." मुलीच्या कामात चूक झाली तर ती कोणाच्या वाट्याला जाईल? तुमचा गोळा आंधळा होता, हे खरे. पण आपल्याला दिसते असा दावा त्याने कधी केला नाही. हे यंत्र तो दावा करते, आणि माझा संशय नेमका तिथे आहे. या साऱ्या विचारांती मी 'सोड' असे सांगण्याचे ठरवले, आणि कारणांचे टिपणही व्यवस्थित तयार केले.

शुक्रवारी संध्याकाळच्या बातम्यांत परदेशातल्या कुठल्याशा युद्धाचे दृश्य दाखवले. वरून दिसणारी पांढरी वाट, एक मालमोटार, तिच्यामागे वाकून बसलेला एक माणूस. चित्र थरथरले, त्यात रेघा उमटल्या, संपर्क तुटत होता. तरी यंत्र जराही न ढळता सरळ खाली गेले. माणसाने वर पाहिले आणि पडदा काळा झाला. ते यंत्र माझ्या मुलीचे नव्हते. तिचा त्याच्याशी काही संबंध असण्याचे कारण नाही.

रविवारी तिचा फोन आला. "काय ठरवलं, बाबा?" टिपण समोर असूनही मी ते वाचले नाही. मी म्हणालो, "अजून विचारायचे बाकी आहे." ती म्हणाली, "विचारा ना. मी कुठं पळून चालली?" त्या दिवशी मी तिला दोनच प्रश्न विचारले, आणि दोन्हींची उत्तरे पूर्णपणे ऐकून घेतली. त्या यंत्रावर माझा विश्वास तरीही बसला नाही. पुढच्या रविवारी आणखी विचारीन.

टिपण मी का वाचले नाही, हे तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. हा कागद पाठवण्याजोगा पत्ता नाही. आपल्या क्वार्टरमध्ये दुसरेच कुटुंब राहते. म्हणून इथे लिहून ठेवतो. शुक्रवारी तो पडदा काळा झाला तेव्हा त्या माणसाविषयी काही वाटण्याच्या आधी, रेघा आल्या तरी यंत्र ढळले नाही हे पाहून, माझ्या मनात आले की माझी मुलगी हे करू शकते. आणि मला अभिमान वाटला. तुम्ही समोर असता, बाबूजी, तर हे मी तुम्हालाही सांगितले नसते.